पिवळी फुली

९ जून, गुरुवार

जिवंत होतं! पिशवीत जिवंत होतं, आणि मी तीन दिवस शाळेची बस घेऊन त्याच्या शेजारनं जात-येत होते!

लिहून टाकते, नाहीतर डोकं फुटेल.

सोमवारी सकाळी खिंडीच्या वळणावर वॉम्बॅटची मादी, डुकराएवढं ते केसाळ धूड, मरून पडलेली दिसली. पाठीवर पिवळी फुली. फुली म्हणजे, रंग कुठलाही असो, कुणीतरी थांबलं, पोटपिशवीत हात घालून पाहिलं, आत पिल्लू नाही — आता पुढच्यानं थांबू नये. आमच्या खोऱ्यात शेंबडं पोरही हे जाणतं. बस पोरांनी भरलेली, मागून खडीच्या खाणीचा ट्रक भोंगा वाजवतोय. फुली पाहिली, हायसं वाटलं, पुढे गेले. मंगळवारी तेच. बुधवारी तेच.

आज पोरांना सोडून एकटीच परत येत होते. मेलेल्या जनावरावर गरुड उतरायला लागले की तेही ट्रकखाली जातात, म्हणून तिला रस्त्याच्या खाली ओढायला उतरले. पाय धरून ओढलं — तर पोट हललं.

मागच्या बाजूनं हात घातला. (वॉम्बॅटच्या पिशवीचं तोंड मागं असतं, आई बीळ उकरते, माती आत जायला नको.) आई गार लाकूड झालेली, आणि आत कोमट! मुठीएवढा जीव, अंगावर लव नाही, सड तोंडात घट्ट. असं पिल्लू ओढायचं नसतं, तोंड फाटतं. सडच कात्रीनं कापला, पिल्लाला सडासकट शर्टात घातलं आणि एका हातानं बस हाकत घरी आले.

कुणी मारली ही फुली? न बघता? कुणाचंही असो, त्याचं नाक नाही ठेचलं तर नावाची रोवेना नाही.

१० जून

ग्लेनिसला फोन केला. बाटली कशी धरायची इथपासून सड कसा कापायचा इथपर्यंत मला सगळं तिनंच शिकवलं. सत्तरी ओलांडली तरी अख्ख्या खोऱ्याचे फोन तिच्याकडेच येतात — अमक्या वळणावर कांगारू पडलाय, तमक्याच्या कुंपणात त्याची धाकटी बहीण वॉलबी अडकलीय. ‘डोळ्यांवर विसंबू नकोस, हात घाल,’ हे तिचंच वाक्य.

‘वजन किती आहे ग?’

सांगितलं. मागं तिनं सांभाळायला घेतलेली सहा पिल्लं एकमेकांत भांडत होती, खोक्यांचा आवाज येत होता.

‘रो, ते जगायचं नाही.’

‘जगवीन.’

‘बरं.’

‘पण हे केलं कुणी, ग्लेनिस?’

‘असेल कुणी घाईतलं. आता शोधून काय उपयोग?’

उपयोग! मला उपयोग नकोच आहे. मला तो माणूस हवाय.

११ जून

गेलं. सकाळी, माझ्या गळ्याशीच.

लव आल्याशिवाय नाव ठेवायचं नाही असा आम्हा अनाथ पिल्लं वाढवणाऱ्यांत नियम आहे. नाव ठेवलं की जीव अडकतो. मी ठेवलं. टिली. सूड कुणासाठी घ्यायचा त्याला नाव असलेलं बरं.

१४ जून, मंगळवार

मर्व्ह टिंडल! दुसरा कोण असणार!

एवढे दिवस डोळ्यांसमोर होतं आणि दिसलं नाही. आज त्याच्या गेटाशी त्याच्या नातीला घ्यायला बस थांबवली, तर कुंपणाआड मेंढ्या. तपासून झालेल्या मेंढ्यांच्या पाठीवर रंगाचा पट्टा. पिवळा! तोच पिवळा, हळदीत लिंबू पिळल्यासारखा. तळपायाची आग मस्तकात गेली.

वॉम्बॅटांशी याचं जुनं वैर. ‘तुझी ती केसाळ डुकरं माझं कुंपण उचकटतात ग रोवेना, खालनं कोल्हे येतात, कोकरं कोण भरून देणार, तू?’ — हे दर भेटीला. दरवर्षी परवाना काढून दोन-चार मारतोच. आता परवान्याचीही गरज नाही! ट्रकनं आई मारायची, यानं वर फुली मारायची, पिल्लू आतल्या आत गार. गोळीचासुद्धा खर्च नाही. आमचीच खूण आमच्यावर उलटवतोय मेला!

ग्लेनिसला सांगितलं. म्हणाली, ‘खात्री आहे का तुझी?’

म्हटलं, शंभर टक्के.

‘मर्व्ह तसा वाईट नाही ग.’

हिला सगळेच चांगले वाटतात.

१८ जून, शनिवार

केलं! बोलले! सगळ्यांसमोर!

आज पबमध्ये अग्निशमन पथकाची सोडत होती. अख्खं खोरं जमलेलं. पहिलं बक्षीस मांसाचा ट्रे, आणि लागला कुणाला? मर्व्हला! पथकाचा कप्तान तो, शिट्ट्या काय, टाळ्या काय. तो चॉप्सचा ट्रे छातीशी धरून उभा, आणि मी सरळ जाऊन माइक घेतला.

म्हटलं, ‘खिंडीच्या वळणावर न तपासता फुली मारणारा माणूस या खोलीत आहे. त्याच्या मेंढ्या पिवळ्या आहेत.’

बिअरचा नळ तेवढा ठिबकत होता. मग म्हातारी उना कोपऱ्यातून ओरडली, ‘शरम नाही वाटत का रे मर्व्ह? पिल्लं होती ना आत?’ आणि मग एकच कल्ला. मर्व्ह बिटासारखा लाल. ‘हिला वेड लागलंय!’ एवढंच म्हणाला. कुणी ऐकलं नाही.

बाहेर येऊन त्याच्या गाडीच्या बॉनेटवर माझ्या डब्यातल्या गुलाबी रंगानं ही एवढी मोठी फुली मारली. आधी बॉनेटखाली हात घालून बघितलं. पिल्लू नव्हतं. नियम म्हणजे नियम!

ग्लेनिस नव्हती. हल्ली ती कुठं येतच नाही. तिनं बघायला हवं होतं.

२० जून

जिवाला गार वाटतंय. पेट्रोलपंपावर मर्व्हशी कुणी बोलत नाही. पथकाची बैठक बोलावलीय, कप्तानकी काढून घ्यायची म्हणतात. घ्या, घ्या! गाडी धुऊन धुऊन दमला, गुलाबी काही जात नाही.

बसमध्ये मोठ्या पोरांनी मर्व्हच्या नातीच्या दप्तरावर खडूनं फुली काढली. आरशात दिसलं मला. बोलले नाही.

२३ जून, गुरुवार

मर्व्ह आज बस अडवून उभा राहिला. बस रिकामी होती, नाहीतर पोरांसमोर झालं असतं. दार उघडलं. टोपी हातात. मला वाटलं कबूल करतोय.

‘हे बघ रोवेना. वॉम्बॅट मी मारतो. मारतो, आणि तोंडावर सांगतो. तुला आवडो न आवडो. पण मेलेल्या जनावरांना रंग फासत हिंडायला मी काय रिकामटेकडा आहे? कोकरं पडायचे दिवस आहेत, मला जेवायला सवड नाही!’

‘पिवळा रंग कुणाचा मग?’

‘दुकानात रांगेनं डबे आहेत. कुणीही घेईल.’

‘चोराच्या उलट्या बोंबा!’

मग म्हणाला, ‘माझ्या नातीच्या दप्तरावर फुली काढली पोरांनी. आठ वर्षांची आहे ती. म्हणते, बसवाल्या बाईंनी आरशातून बघितलं. खरं का?’

मी दार बंद केलं आणि गियर टाकला.

बोलण्यात पटाईत आहे मेला. पण मला गप्प करायला असे दहा मर्व्ह आले तरी कमीच. पुरावा हवाय ना? पुरावा आणते. त्याच्याच तोंडावर फेकते.

२४ जून

वनरक्षकाला फोन. ‘बाई, संशयावर दंड करता येत नाही. फोटो आणा, मग मी त्याला कोर्टात उभा करतो.’

ओढ्याजवळ आज आणखी एक पिवळी फुली. धावत उतरले. वॉलबी. पिशवीचं तोंड सुकून चिकटलेलं — कुणाचा हातच गेला नव्हता. आतलं मेलेलं होतं.

याला नाव ठेवलं नाही. हिशेब टिलीच्याच नावावर.

२७ जून, सोमवार

जूनमधला आमचा हिवाळा, यंदा कोरडा. डोंगरावर गवताची काडी नाही, सगळी जनावरं रस्त्याच्या कडेच्या हिरव्यावर उतरतात. आणि खाणीचे ट्रक आता दिवसभर. वेग कमी करा अशी पाटी लावा म्हणून आम्ही तिसऱ्यांदा अर्ज दिला. उत्तर तेच — विचाराधीन!

ग्लेनिसचा फोन आला होता. ‘रो, खाणीच्या रस्त्यावरनं दोन आलीत. एक घेशील?’

म्हटलं, ‘आत्ता नको ग. मी त्या मर्व्हच्या मागं लागलेय, मला सवडच नाही. बाकीच्यांना विचार ना.’

‘विचारलं. सगळ्यांना.’

‘मग आठवडाभर ठेव. एवढं निस्तरलं की घेते.’

‘बरं,’ म्हणाली.

आवाज बसला होता तिचा. सर्दी असेल.

२८ जून

सापळा लावला.

वळणावर पहाटे ट्रकनं कांगारूची मादी उडवली. पिशवी तपासली. पुन्हा तपासली. रिकामी. पण फुली मारली नाही! तशीच ठेवली, रस्त्यापासून चांगली लांब, गवतावर, दिसेल अशी. समोरच्या झाडाला कॅमेरा बांधला — जनावरं मोजायला वापरतो तो, काही हललं की आपोआप फोटो काढतो. फांद्यांत असा दडवलाय की मलाच सापडेना.

माफ कर बाई. मेल्यावरही तुला कामाला लावलं. पण तुझ्याच जातीसाठी आहे.

ये मर्व्ह. ये बाबा. वाट बघतेय.

२९ जून

फुली नाही.

३० जून

फुली नाही. मर्व्हची गाडी दोनदा गेली, थांबली नाही. हुशार आहे. माझ्यासारखाच टपून बसलाय.

उना दुकानात भेटली. म्हणाली, ‘काय ग, पुरावा मिळाला का? नाही मिळाला तर तुझं तोंड कुठं लपवशील?’ आता हीसुद्धा! त्या दिवशी पबमध्ये सगळ्यात मोठ्यानं कोण ओरडलं होतं?

१ जुलै, शुक्रवार

फसला!!

सत्राचा शेवटचा दिवस. पोरं बसमध्ये गाणी म्हणत होती. वळणावर आले आणि पाहते तर — फुली! पिवळी, ओली, ऊन पडून चकाकत होती. सकाळी जाताना नव्हती. मी इतकी जोरात ओरडले की पोरं गप्प झाली.

सगळ्यांना सोडून परत आले, कॅमेरा उतरवला. आता टेबलावर समोर आहे. अजून बघितला नाही. मुद्दाम! उद्या दुपारी पथकाची बैठक आहे, पबातल्या मोठ्या टीव्हीवर सगळ्यांसमोर लावणार. मर्व्हला पहिल्या रांगेत बसवते. उना, तू पण ये!

चहा केला, पावाला व्हेजिमाइट फासून खाल्लं, पुन्हा कॅमेऱ्याकडे बघितलं. हसू आवरेना. किती दिवसांनी भूक लागली.

टीव्हीवर नीट लागतंय का एवढं मात्र आधी बघून घ्यायला हवं. सकाळी बघते.

२ जुलै, शनिवार

मर्व्ह नाही. ग्लेनिस.

चार फोटो आहेत. गुडघे टेकले नाहीत, हात घातला नाही. उभ्यानं वाकून फुली मारली. तोंड दुसरीकडे वळवलेलं. चौथ्यात गाडीला धरून उभी आहे. नववं सापडलं असतं तर ठेवणार कुठं होती — मीही ‘सवडच नाही’ म्हटलं होतं.

मर्व्हची आणि त्या पोरीची माफी मागायचीय. मागेन. बैठक दुपारची आहे, तोवर वेळ आहे. बस बाहेर काढलीय. ग्लेनिसच्या घरची आठही पिल्लं घेऊन येते. पिल्लं बसमध्ये बसली, की मग तिला फोटो दाखवते.