नंदा येणार त्या रविवारचा नाश्ता

सोम., ३ फेब्रु.
केतकीचा फोन, बंगलोरहून. १५ ला सकाळी येते, एकटीच. जावयांना सुट्टी नाही. रविवारी १६ ला आपल्याकडे ब्रंच करू म्हणाली. ह्यांनी विचारलं, नाश्ता की जेवण, एक काय ते सांग. दोन्ही मिळून, अकरा वाजता, म्हणे. मग सहज सांगितल्यासारखं सांगितलं की नंदामावशीला मी बोलावून टाकलंय, ती काकांना घेऊन येते. फोन कटला का, असं तिनं दोनदा विचारलं.

नंदा ह्या घरात शेवटची आली ती आईच्या तेराव्याला. तीन वर्षं झाली. तिच्या रांझीहून आमचं विजय नगर अर्धा-पाऊण तास. लग्नकार्यात भेटतो, ताई-ताई करते, पण उंबरा नाही चढली. आईचं दुखणं वाढलं त्या संध्याकाळी मी तिला कळवलं नाही, गेल्यावर सकाळी कळवलं, एवढंच तिचं म्हणणं. आणि ते खरं आहे.

मंगळ., ४
केतकीनं मोबाइलवर कृती पाठवली. कॅसरोल म्हणतात. वहीत उतरवून घेतली : ब्रेड एक पुडा, अंडी आठ, दूध अर्धा लिटर, चीज, कांदा, शिमला मिरची, मिरपूड. आदल्या दिवशी सगळं थरावर थर लावून फ्रिजमध्ये, सकाळी भाजायचं. ह्यांनी पेपरातून वर बघितलं. आठ अंडी? माझे पोहे वेगळे करा.
बरं.

शुक्र., ७
माळ्यावरून ओव्हन काढला. तो जुना गोल, ॲल्युमिनियमचा, झाकणाला काच असलेला. केतकीच्या दहावीनंतर वापरला नव्हता. वायर उंदरानं कुरतडलेली. कोपऱ्यावरच्या दुकानातून बदलून आणली. चालतो.

शनि., ८
अर्ध्या मापानं करून पाहिलं. वरून छान लाल. मधे सुरी घातली तर पिवळं पाणी. कामाला येते ती शांती बघत होती. "दीदी, तवे पे पलट दो, आमलेट बन जाएगा." पलटलं. झालं आमलेट. ती दोन तुकडे खाऊन गेली.

मंगळ., ११
दुसऱ्यांदा. आता खालून जळलं. भांड्याखाली स्टँड पाहिजे, अन् पहिला पाऊण तास वरून ताटली झाकायला पाहिजे. ब्रेड ताजा नको, कालचा. मटार कच्चे टाकले ते कडकच राहिले. ह्यांच्या ऑफिसातले जुने सहकारी सिहोऱ्याहून पिशवीभर देऊन गेलेत, संपवायचे तर आहेतच. उकडून टाकीन.
हे म्हणाले, एवढं काहून करून राहिली? इडल्या कर, सगळ्यांना चालतील.
केतकीनं सांगितलं म्हणून, म्हटलं. ते पूर्ण खरं नाही. नंदाला अंडं आवडतं.

बुध., १२
दुपारी काही काम नव्हतं. आज लिहूनच ठेवते, कुठे लिहिलेलं नाही.

आई मधल्या खोलीत होती. संध्याकाळचे सात. श्वास घरघरत होता. डॉक्टर येऊन गेले. दवाखान्यात न्यायचं तर न्या, घरीच ठेवायचं तर ठेवा, म्हणाले. आई पूर्ण शुद्धीत. घरीच, म्हणाली. मी नंदाला फोन करायला मोबाइल हातात घेतला. आईनं पाहिलं. म्हणाली, "नंदाला नको करू. ती येईल अन् रडत बसेल. आज मला कोणाचं रडणं नाही ऐकायचं."
मी मोबाइल खाली ठेवला. हे बाहेर डॉक्टरांना सोडायला गेले होते, त्यांनी ऐकलं नाही. केतकी तेव्हा बंगलोरलाच.
पहाटे साडेपाचला आई गेली. सहाला नंदाला फोन केला.

तेराव्याला नंदानं सगळ्यांसमोर विचारलं, काहून नाही बोलावलं मला? मी म्हटलं, वाटलं नाही एवढ्या लवकर होईल. तेच तीन वर्षं चालू आहे. आईचं वाक्य तिला सांगण्यासारखं नव्हतं, म्हणून नाही सांगितलं. हे एक.
दुसरं. आईनं नको म्हटलं तेव्हा मलाही बरं वाटलं. नंदा आली असती तर तिलाच सांभाळत बसावं लागलं असतं. हेही लिहायला हवं.

शनि., १५
केतकी आली. वाळली आहे. पाच वाजता दोघी थर लावायला बसलो. ती ब्रेडचे तुकडे करत होती, मी अंडी फेटत होते. अर्धं मराठी अर्धं हिंदी चाललं होतं तिचं. म्हणाली, मावशी फोनवर रडली, मी येऊ का गं खरंच, असं विचारत होती. मग म्हणाली, "आई, तू सॉरी बोल दे ना. बात खतम."
कशाबद्दल, विचारलं.
जो भी था.
मी चीज किसत राहिले. थोड्या वेळानं तीच म्हणाली, तू आजी गेली तेव्हा रडली नाहीस ना, म्हणून मावशीला वाटतं तुला काही झालंच नाही.
वरून मिरपूड टाकली, झाकून फ्रिजमध्ये ठेवलं.

रवि., १६
साडेनऊला ओव्हन लावला. भांडं स्टँडवर, वर ताटली. दहा दहाला लाइट गेली. रविवारी जाते कधीकधी, दुरुस्तीसाठी. शेजारी म्हणाले बारापर्यंत नाही येणार. ताटली काढून पाहिलं, कडा धरलेल्या, मधे हलून राहिलं होतं. केतकी बाहेरून मागवू म्हणाली. ह्यांचं म्हणणं, पोहेच सगळ्यांचे करा.

तेवढ्यात नंदा आली. अकराचं सांगितलं होतं, साडेदहालाच. तिचे सुधीरराव बाहेर ह्यांच्यासोबत बसले. ती चपला काढून सरळ स्वयंपाकघरात. मी विचार केला होता दारात काय बोलायचं, ते राहूनच गेलं. तिनं ओव्हनमध्ये वाकून पाहिलं अन् विचारलं, मोठी कढई कुठे आहे?
काढून दिली. मीठ दे, म्हणाली, जाडं असेल तर जाडं. बोटभर मीठ पसरलं तळाला, त्यावर स्टँड, गॅस मोठा. मीठ तापल्यावर दोघींनी दोन बाजूंनी फडक्यानं धरून भांडं आत उतरवलं. वर परात, परातीवर खलबत्ता. गॅस बारीक केला तिनं. अर्धा तास, म्हणाली. फॅक्टरीच्या क्वार्टरमध्ये राहायचो तेव्हा केक असाच करायची मी.
केतकी पोह्यांच्या बशा घेऊन बाहेर गेली. मुद्दाम गेली असावी.

आम्ही दोघी गॅसजवळ उभ्या. नंदाचे केस समोरून पूर्ण पांढरे झाले आहेत. मेंदी सोडली वाटतं. गुडघ्याचं विचारलं तिनं. मी तिच्या बीपीचं. मग कढईकडेच बघत तिनं विचारलं,
"ताई, आईनं माझं नाव घेतलं होतं का?"
"घेतलं होतं."
तिनं मान हलवली. दोनतीनदा हलवली. काय म्हणाली, हे नाही विचारलं. मीही नाही सांगितलं. डोळ्यांना पदर लावला तिनं, पण आवाज नव्हता.

अकरा दहाला काढलं. शिजलं होतं पूर्ण. उलटं करताना एक बाजू भांड्यालाच चिकटून राहिली, मग चमच्यानं वाढलं. मटार बरे लागत होते. मीठ कमी. सुधीररावांनी तीनदा घेतलं. ह्यांनी पोहे खाल्ले, पण कडेचा एक कुरकुरीत तुकडा उचलला. नंदानं भांड्याला चिकटलेलं खरवडून खाल्लं, उभ्यानंच.
दोनला गेले. उरलेलं डब्यात भरून दिलं. तिनं घेतलं.

सोम., १७
केतकी खूष. देखा, हो गया ना. हे पण खूष. मी ओव्हन पुसून ठेवला. माळ्यावर नाही टाकला, खालीच.
'घेतलं होतं' हे खोटं नाही. पण तिला जे वाटलं, ते मी वाटू दिलं.

मंगळ., १८
केतकीला स्टेशनवर सोडलं. गाडी वेळेवर.
परत येताना रिक्षात ह्यांना सांगून टाकलं, आई काय म्हणाली होती ते. तीन वर्षांत पहिल्यांदा. विजय नगरला उतरताना म्हणाले, नको सांगू. आता कुठे येऊन राहिली ती.

गुरु., २०
नंदाचा फोन, दुपारी. डबा द्यायला रविवारी येते, एकटीच. बरं म्हटलं. फोन ठेवत नव्हती. मग म्हणाली, "त्या दिवशी बाहेर सगळे होते म्हणून पुढचं विचारलं नाही. आई नाव घेऊन काय म्हणाली, ते सांग मला. जसंच्या तसं."
फोनवर नको, ये तू, म्हटलं.
"वाईट आहे का?"
मी म्हटलं, ये.
मग तिनंच विचारलं, इकडून दही आणू का, रांझीचं चांगलं असतं. आण म्हटलं.

शुक्र., २१
ह्यांनी पुन्हा तेच. नावच घेतलं म्हण, बाकी ऐकू आलं नाही म्हण.
ऐकू आलं होतं.

रवि., २३
सकाळी साडेदहा. लाइट आहे. आज अर्ध्याच मापाचं केलंय, दोघींपुरतं. ओव्हनमध्ये आहे, वीस मिनिटं अजून. हे बँकेतल्या जुन्या मित्राकडे गेले, मुद्दाम.
सकाळी ह्याच वहीच्या मागच्या पानावर दोनदा लिहून पाहिलं. एकदा पूर्ण. एकदा 'रडत बसेल' गाळून : नंदाला नको करू, आज मला कोणाचं रडणं नाही ऐकायचं. दुसरं मनाला कमी लागतं. पण नंदा बारा वर्षांची होती तेव्हापासून आई तिला हेच म्हणायची, रडत बसते म्हणून. गाळलेलं ती लगेच भरून काढेल. ती आईला माझ्यापेक्षा जास्त—
फाटक वाजलं. आली.