तुझा हाव कोणाला होता

बा, तुला एक गोष्ट विचारायची आहे. तू होतास तेव्हा विचारली नाही, कारण ती विचारायची असते हेच आपल्या घरात कोणाला माहीत नव्हतं. तू वावरात पाण्याची दारं धरून उभा आहेस, पाणी एका वाफ्यातून दुसऱ्या वाफ्यात चाललंय, हातात फावडं, आणि मान खाली घालून तू म्हणतोस, "हाव." समोर कोणी नाही. वांग्याच्या ओळी, धुऱ्याच्या बांधावरचं बोरीचं झाड आणि तू. थोड्या वेळानं पुन्हा, "हाव, हाव." इतक्या कबुलीनं तू कोणाला हो म्हणत होतास?

माझं लिहिणं सातवीपर्यंतचं. पोरीच्या कॉलेजच्या वहीची मागची पानं कोरी होती, त्यावर लिहिते आहे. काना-मात्रा चुकला तर चुकला. तुला वाचताच येत नव्हतं, तेव्हा तू काही नावं ठेवणार नाहीस.

गावानं तुझं एका शब्दात उरकलं होतं. बाहेरचं. म्हणजे बाहेरून काहीतरी लागलंय, अंगारा लावा, उतारा टाका, आणि तेवढ्यानं नाही भागलं तर माणसाला त्याच्या नादाला सोडा. तुला सोडलं. पण तुझ्या हावला कोणी सोडलं नाही. शेजारचा काका बरोबर टपून बसायचा. तू तुझ्या नादात दिसलास की धुऱ्यावरून ओरडायचा, "आजची पाण्याची पाळी मी घेऊ काय गा?" तू म्हणायचास, "हाव." की वळवलं त्यानं पाणी. माय भाकरी घेऊन यायची तर आपले वाफे कोरडे. "अवो, त्याले काऊन हाव म्हटलं?" तू तिच्याकडं खरंच न समजून बघायचास आणि विचारायचास, "कोणाले?" मायला वाटायचं तू वेड पांघरतोस. ती चार दिवस बोलायची नाही. तुला ते चार दिवस कळत होते का, हेही मला माहीत नाही.

काकाला तरी काय बोलू. मीही तेच केलं. सातवीचा निकाल लागला होता. शाळेत पोरी माझ्यासमोर मान खाली घालून "हाव, हाव" करायच्या आणि खिदळायच्या. दोघींच्या झिंज्या उपटल्या, पण वर्गात पोरी तीस. मी वावरात आले, तुझे ओठ हलताना दिसले, आणि मुद्दाम तेव्हाच विचारलं, "बा, मी आता शाळेत नाही गेली तर चालते ना?" तू हाव म्हणालास. माझ्याकडं पाहिलंही नव्हतंस. मी घरी जाऊन मायला सांगितलं, बा हो म्हणाला. लग्नानंतर सासरी कोणी शिक्षणाचं काढलं की मी सांगत आले, बापानं शाळा सोडवली. तू गेलास तरी सांगत राहिले.

आता तुझी नात. तू गेल्यावर जन्मली, तुला माहीत नाही. वीस वर्षांची आहे, चिखलीला कॉलेजात जाते. यंदा थंडी सुरू झाली आणि हिचा डबा भरलेला परत यायला लागला. मग म्हणाली, बसमधल्या पोरी माझ्यावरच बोलतात. मी म्हटलं, बोलू दे, तू का त्यांच्या घरचं खातेस? माझं बोलणं हे असं. मग कॉलेज बंद, आंघोळ बंद, मोबाईल उशीखाली दाबून ठेवणं सुरू. हिचे वडील म्हणाले अभ्यासाचं टेन्शन असेल, मीही तेच धरून बसले. एक दिवस आम्ही दोघी ओसरीत मेथी निवडत होतो. मी जुडी बांधतेय, ती पानं खुडतेय. मान खाली. आणि ती म्हणाली, "हाव."

मी काही विचारलं नव्हतं, बा.

मग मी थांबले नाही. हिचे वडील म्हणाले आधी शेगावला दर्शन घेऊन येऊ. मी म्हटलं, महाराज कुठं पळून चालले नाहीत, आधी डॉक्टर. बुलढाण्याच्या दवाखान्यात गेलो. डॉक्टरनं पोरीशी तासभर एकटीशी बोलून गोळी सुरू केली. मला दम निघत नव्हता. म्हटलं, "बरी होईन का? हो का नाही, एक सांगा." तो म्हणाला, "ताई, लवकर आणलंत हे चांगलं केलंत. पुष्कळ मुलं सावरतात, शिकतात, कामाला लागतात. पण सगळ्यांचं सारखं नसतं, आणि कोणाचं पुढं कसं जाईल ते आज सांगता येत नाही." मी म्हटलं, मग तुम्ही लोक शिकता काय? तो हसला. म्हणाला, तेच तर शिकून राहिलो.

खरंच शिकतात, बा. मंगळवारी तिथं एक अभ्यासवाली येते, शहरातल्या मोठ्या कॉलेजची, पोरीपेक्षा पाच-सहा वर्षांनी मोठी असेल. ती म्हणाली, पहिलं लक्षण दिसलं तेव्हापासून पहिली गोळी पोटात जाईपर्यंत किती दिवस गेले, हे आम्ही मोजतो. ते दिवस जितके कमी तितकं माणूस सावरायला सोपं जातं, असं दिसतं. मी चाटच पडले. आपल्या घरात जे कोणी बोलतही नव्हतं, ते मोजायला माणसं ठेवली आहेत! पोरीचं मोजलं तर अडीच-तीन महिने निघाले. मग मनात तुझं मोजायला बसले. मला आठवतं तेव्हापासून तू तसाच, आणि गोळी तर आलीच नाही. तुझं मोजायचं तर दुसरं टोकच सापडत नाही.

ती पोरीला एकेक विचारत होती. आवाज एक की जास्त? बाईचा की माणसाचा? आतला वाटतो की बाहेरचा? हे ऐकलं आणि मी उसळलेच. "बाहेरचं काही नाही आमच्या पोरीले! सांगून ठेवते!" ती घाबरलीच. मग समजावलं, "अहो मावशी, डोक्याच्या आतून ऐकू येतो की कानाच्या बाहेरून, एवढंच विचारतेय." पोरगी कितीतरी दिवसांनी हसली. माझ्यावर हसली, पण हसली.

मग तिनं कागद काढला. दर काही महिन्यांनी प्रश्न विचारू, थोडं रक्त घेऊ, नाव कुठं येणार नाही, नाही म्हणालीस तरी इलाज चालूच राहील. सगळं वाचून दाखवलं आणि विचारलं, "घेशील भाग?" पोरीची मान खाली. "हाव." अभ्यासवालीनं पेन पुढं केला.

मी तिचा हात धरला. "थांब बाई. हा हाव तुला नाही."

"मग कोणाला?"

तेव्हा मी तुझं सांगितलं. दारं, काका, कोरडे वाफे, सगळं. परक्या माणसाला पहिल्यांदा, आणि पोरीलाही पहिल्यांदाच. ती माझ्याकडं टक लावून बघत होती. "आबालेबी होतं?" मी हो म्हटलं. "अन् तू मले सांगितलं नाही."  

अभ्यासवालीनं पेन मागं घेतला. पोरीला म्हणाली, "आज सही नको. कागद घरी ने. पुढच्या मंगळवारी यात काय लिहिलंय ते तूच मला तुझ्या शब्दांत सांग, मग बघू." पुढच्या मंगळवारी पोरीनं सांगितलं, अगदी अभ्यासवालीच्या डोळ्यात बघून. "प्रश्न विचारा. रक्त मी देत नाही. आणि आई बाहेर बसन, मधात मधात बोलते." माझा जीव चडफडला. तिनं ते रक्त द्यावं असं मला वाटत होतं. हे दुखणं तुझ्याकडून आलं का ते मला कळायला हवं होतं. मी तसं म्हटलंही. अभ्यासवाली म्हणाली, मावशी, एकट्या माणसाच्या रक्तातून ते कळतच नाही. घ्या. मग मी बाहेर बाकावर जाऊन बसले.

परत येताना जीपमध्ये मागच्या सीटवर दोघीच होतो. ती म्हणाली, "आबाले काय ऐकू येत होतं?"

"मले काय माहीत."

"विचारलं नाही कधी?"

"नाही."

"मलेबी नाही विचारलं तू. गोळी घेतली का, एवढंच विचारते."

मग विचारलं. ती सांगायला लागली. एक म्हाताऱ्यासारखा माणूस आहे. ही काय करते ते तो बोलतो. आता उठली, आता लोटा घेतला, आता सांडवते बघा. दिवसभर. गोळीनं तो लांब गेलाय, पण पुरता गेला नाही. मी म्हटलं, "मग त्याले हाव काऊन म्हणतं? त्याचं पटते तुले?"

"पटत नाही वं. हाव म्हटलं का तो गप बसते."

बा, मी जन्मभर धरून चालले की तू कोणाचं तरी ऐकत होतास, कबूल होत होतास. तू तर त्याला गप बसवत होतास? आणि काकाला? मायला? तेव्हा पाण्यात उभं राहून मला हाव म्हणालास, ते तुला माझं बोलणं ऐकूच आलं नव्हतं म्हणून, की ही पोरगी एकदाची गप बसू दे म्हणून? असं असेल तर तू माझं ऐकलं होतंस. मला कोणतं बरं वाटेल तेच ठरत नाही.

हे तुला पाठवायला पत्ता नाही, आणि असता तरी पाठवलं नसतं. तू कोणाकडून वाचून घेतलं असतंस आणि हाव म्हणाला असतास.

पोरगी आता दोन दिवसांआड कॉलेजला जाते. गोळीनं झोप फार येते, तर डॉक्टरनं थोडी कमी केली आहे. काल मी कोथिंबिरीच्या जुड्या बांधता बांधता तिला विचारत होते. जेवली का, गोळी घेतली का, बसमध्ये कोणी बोललं का, तो म्हातारा आला का. ती केस विंचरत होती. आरशातून माझ्याकडं बघत मोठ्यानं म्हणाली, "हाव!" मी गप बसले. मग माझं मलाच हसू आलं, कारण तो हाव सरळ मला होता.

तरी ती बसला गेल्यावर मी गोळ्यांचं पाकीट उघडून पाहिलंच.