आखाजीला गाडी मीच घेऊन येते

जळगाव,
२० एप्रिल १९८९

चि. अभिमन यास,

तुझ्या अक्काचे पोटभर आशीर्वाद. तुझी दुखरी कंबर, माझ्या भावजयीची, ताईबाईची, पित्ताने चढणारी अर्धशिशी आणि तुमची नुकतीच व्यालेली गाय, या तिघींना आराम पडला असेल असं धरून चालते. आमच्याकडे ऊन सोडलं तर सगळं ठीक आहे, आणि उन्हाबद्दल धुळेकराला जळगावकराने काय सांगायचं!

तुझ्या पत्रात दोन गोष्टी आहेत. पहिली, अक्षय तृतीयेला, म्हणजे आपल्या आखाजीला, आम्हाला न्यायला तू लोटनला जीप घेऊन पाठवणार आहेस. (सत्तावन्न वर्षांच्या लेकीला न्यायला अजून माहेराहून माणूस येतो, हे माझं गल्लीत सगळ्यांना सांगून झालं आहे.) दुसरी, त्याच फेरीत दाजींचे डोळे धुळ्याच्या डॉक्टरांना दाखवून ऑपरेशनचं ठरवून टाकायचं. दुसरीचं आधी सांगते. तुझे दाजी तयार नाहीत. इथल्या डॉक्टरांनी मोतीबिंदू पिकलाय म्हटल्यावर 'पिकायला ती काय केळी आहेत?' असं विचारून हे उठून आले, ते पुन्हा कुठल्या दवाखान्याची पायरी चढले नाहीत. दिवाळीत फाटकाशी ठेवलेली गवळ्याची कॅन यांना दिसली नाही आणि फियाटखाली चपटी झाली. त्या दिवशी यांनी गाडीची किल्ली स्वतःच्या हाताने खुंटीला अडकवली. पाटबंधारे खात्याची कामं पाहायला या गाडीतून सातपुड्याच्या पायथ्याने वर्षानुवर्षं हिंडलेला माणूस तेव्हापासून ओसरीवर खुर्ची टाकून रस्त्यावरच्या गाड्यांचे आवाज ऐकत बसू लागला. दुसऱ्या कुणाच्या गाडीत अजूनही बसत नाहीत, एस.टी.ने येत नाहीत, लग्नाला नाही, मयतीला नाही. लोटनच्या जीपमध्ये तर मुळीच नाही. तो गिअर टाकतो तेव्हा यांच्या दाढा दुखतात म्हणे. असेच बसून राहिले तर डोळ्यांबरोबर आतला माणूसही विझून जाईल, याची मला भीती वाटू लागली होती.

म्हणून लोटनला पाठवू नकोस. आखाजीला आमची गाडी धुळ्यापर्यंत मी चालवत आणणार आहे. (पत्र खाली ठेवू नकोस. ताईबाईला हाक मार, दोघं बसा, आणि मग पुढे वाचा.)

मला लायसन मिळालं आहे. सुरुवात संक्रांतीला झाली. किल्लीवर जळमट धरलेलं पाहून मी यांना म्हटलं, मला शिकवा. हे हसले नाहीत, त्याअर्थी प्रकरण गंभीर होतं. पहिले पंधरा दिवस तर मी गाडीला हातसुद्धा लावला नाही. स्वयंपाकघरात खुर्चीवर बसून डाव्या पायाखाली पाट हा क्लच, आणि डाव्या हातात लाटणं हा गिअर. (फियाटचा गिअर स्टिअरिंगच्या दांडीला असतो, हे तुला जीपवाल्याला माहीत नसेल.) हे शेजारी उभे राहून 'पहिला, दुसरा, पाय काढ, पाय काढ!' असं ओरडायचे. जागेवरून न हलता मी जळगाव-भुसावळ कितीतरी वेळा केलं. एकदा तिसऱ्या गिअरमध्ये असताना गवारीची भाजी करपली, तर म्हणाले, 'करपू दे, चढावर सोडायचं नाही.'

मग असोद्याचा रस्ता. पहिल्या दिवशी गाडी अकरा वेळा बंद पडली. मोटारसायकलवरून जाणारा असोद्याचा एक शेतकरी प्रत्येक वेळी थांबून 'धक्का देऊ का, काकू?' असं विचारायचा. अकराव्या वेळी त्याने विचारलं नाही, सरळ उतरून मागे जाऊन उभाच राहिला. पण दाजी तुझे शांत. ते शेजारच्या सीटवर डावा पाय असा पुढे रोवून बसतात, जणू तिकडेही एक क्लच आहे. त्यांचं सगळं शिकवणं या क्लचभोवती. 'दाबला, सोडला, की पाय बाजूला. ते पायपुसणं नव्हे. पाय ठेवून बसलीस तर प्लेट जळते आणि तुला कळतही नाही.' आता माझा पाय बाजूला असतो. यांचाच त्या नसलेल्या क्लचवर ठेवलेला असतो, आणि त्याखालची चटई झिजून भोक पडलं आहे.

आता माझ्या अभिमानाची गोष्ट. तुला आठवतं, आबांनी मला भुसावळच्या कॉन्व्हेंटात घातलं तेव्हा झुलालमामा आपल्या अंगणात येऊन म्हणाले होते, 'इंग्रजी शिकीसन पोर काय इंजिन चलाडी का?' आबा रेल्वेत, म्हणून सगळे हसले होते. आबांनी उत्तर दिलं नव्हतं. ते मी चाळीस-पंचेचाळीस वर्षांनी देते आहे. गाडीच्या सीटखाली कंपनीचं इंग्रजी माहितीपुस्तक सापडलं, घेतल्या दिवसापासून प्लॅस्टिकच्या पिशवीतून न काढलेलं. यांनी गाडी कानाने चालवली आणि गिरधर मेकॅनिकने ती अंगठ्याने दुरुस्त केली. पुस्तकाची गरज कुणालाच पडली नाही. मी ते पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचलं, हाती पेन्सिल धरून आणि पाठ ताठ ठेवून, जसं सिस्टरांनी शिकवलं तसं. आता रोज सकाळी देवपूजा झाली की बॉनेट उघडते. इंजिन गार असतानाच रेडिएटरचं पाणी पाहायचं. तेलाची पट्टी काढून पुसायची, पुन्हा बुडवायची, मग पाहायची. (पहिल्यांदा काढून पाहिलेलं खरं नसतं, माणसांसारखंच.) बॅटरीत डिस्टिल्ड वॉटर, विहिरीचं नाही. पंख्याचा पट्टा बोटाने दाबला तर अर्धा इंच दबावा. माझ्या जुन्या इरकली लुगड्याचे तुकडे आता तेलाची पट्टी पुसतात. आमची सुगंधाबाई शेजारीण म्हणते की गाडीची इतकी उस्तवार करणारी बाई तिने पाहिली नाही, आणि गिरधर गिऱ्हाइकांना सांगतो, बाईंना विचारा, त्यांनी वाचलंय.

उतारावर न्यूट्रल करून पेट्रोल वाचवायची यांची जुनी सवय. पुस्तक म्हणतं तसं करू नये, सगळा भार ब्रेकवर येतो. मी मुद्दाम मराठीत करून वाचून दाखवलं. यांनी विचारलं, 'लिहिणाऱ्याने चाळीसगावचा घाट पाहिलाय का?' पण दोनच दिवसांनी उतार लागला तेव्हा खिडकीकडे तोंड करून म्हणाले, 'असू दे, गिअरमध्येच असू दे.' अभिमन, लग्नाला छत्तीस वर्षं झाली, एवढा मोठा विजय मला याआधी मिळालेला नव्हता.

आणि म्हणूनच पुढचं लिहायला जरा हात अडतो. पाडव्याला गाडीची पूजा झाली. सुगंधाबाईने झेंडूचा आणि आंब्याच्या पानांचा असा भरगच्च हार केला की लग्नात नवरदेवाला दोन वेळा पुरला असता. तो तिने गाडीच्या पुढच्या जाळीवर आडवा-उभा घट्ट बांधला. मला तो इतका शोभिवंत वाटला की मी म्हटलं, राहू दे, रावेरपर्यंत मिरवत नेते. रावेरला यांच्या खात्यातले रुपचंद राहतात, त्यांच्याकडे जेवायला बोलावलं होतं. पाच महिन्यांनी हे पहिल्यांदाच परगावी कुणाकडे निघाले होते. भुसावळ गेलं, तापीचा पूल गेला, पुढे केळीचे ट्रक लागले, आणि मी मात्र शाळेतलं गाणं गुणगुणत होते, इतकी खुशीत होते. सावद्याच्या अलीकडे हे एकदम म्हणाले, 'बाजूला घे. चहा प्यायचाय.'

मी चकित. हा माणूस बाहेरचा चहा पीत नाही. मी म्हटलं रावेरला पोचून पिऊ. तर म्हणाले, 'आत्ता. सावकाश घे, दचकू नकोस, गाडी बंद कर.' गाडी थांबली आणि बॉनेटच्या फटीतून वाफेचा लोट वर गेला. मी झाकण उघडायला धावले, तर यांनी आतूनच ओरडून थांबवलं. मग चाचपडत पुढे आले, जाळीवरून हात फिरवला, आणि त्यांच्या बोटांना हार लागला.

'हे काय आहे?'

'हार. पाडव्याचा.'

'मला वाटलंच. मघापासून झेंडू शिजल्याचा वास येतोय. अहो बाई, इंजिन श्वास घेतं. तुम्ही त्याचं नाक बांधलंत!'

शेजारी थांबलेला केळीचा ट्रकवाला म्हणाला, 'माय, गाडीले हार घातला का फास?' आणि त्यावर हे हसले. अभिमन, दिवाळीनंतर पहिल्यांदा मोठ्याने, पोट धरून हसले. आम्ही खरंच टपरीवर बसून चहा प्यालो. इंजिन गार होईपर्यंत हे ट्रकवाल्याला कुठल्या धरणाला किती दरवाजे ते सांगत होते. मग झाकण फडक्याने हळूहळू सोडलं, इंजिन चालू ठेवून थोडं थोडं पाणी घातलं, आणि रावेरला जेवायला पोचलो. घरी आल्यावर पुस्तक उघडलं. जाळीसमोर काही लावू नये, हवा अडते, असं त्यात स्पष्ट लिहिलं आहे. त्या वाक्याखाली पेन्सिलची रेघ आहे. रेघ माझी आहे.

तेव्हापासून हे रोज संध्याकाळी स्वतःहून विचारतात, 'आज कुठे जायचं?' रस्ता यांना दिसत नाही, पण गाडीचं काही बिघडायच्या आधी यांना कळतं, आणि आपल्याशिवाय बाई निभावणार नाही, अशी यांची खात्री पटली आहे. ती मी मोडणार नाही. एरंडोल, पारोळा करत आम्ही आखाजीच्या आदल्या दिवशी दुपारपर्यंत तुझ्या दारात असू. आंबे पिकत घाल. ताईबाईला सांजोऱ्या गोड करायला सांग, यांना गोड चालतं.

तुझी,
अक्का

ता. क. तुझ्या अंगणातून गाय आणि जीप दोन्ही हलवून ठेव. मला रिव्हर्स येतो, परीक्षेतही आला होता, पण मागे जाताना गाडी आणि मी एकाच बाजूचा विचार करत नाही.

आणखी एक. आखाजीच्या दुसऱ्या दिवशीची डोळ्यांच्या डॉक्टरांची वेळ घेऊन ठेव, आणि यांच्यासमोर तोंडातून अवाक्षर काढू नकोस. तुझ्याकडून दवाखान्यापर्यंत यांना मीच नेईन. बाहेरची पाटी यांना वाचता येणार नाही, मोतीबिंदूचा तेवढा तरी उपयोग. डॉक्टरांना मात्र आधी भेटून सांग की, ऑपरेशनने दिसू लागेल असं यांना म्हणू नका, गाडी चालवता येईल असं म्हणा. हे घाबरतात ते सुईला नाही. 'आता गाडी कधीच नाही' हे शब्द ऐकायला घाबरतात. मला ते सावद्याच्या टपरीवर, यांना इतक्या दिवसांनी धरणांबद्दल बोलताना ऐकून कळलं.

हे पाकीट चिकटवता चिकटवता सुचलं. ऑपरेशननंतर किती आठवडे गाडी चालवायची नाही, तेही विचारून घे. डॉक्टर सहा म्हणाले तर दाजींना आठ सांग.