मावशीच्या गावापर्यंतची लाइन

४ मार्च

गाडी नदीत पडली! गेममधली. पुलाचं एक टोक रुळांना जोडायचंच विसरले. एकामागोमाग सगळे डबे खाली — आणि आतली माणसं पाण्याखालीही शांतपणे पेपर वाचतायत!

मागून, पलंगावरून आई: "झालं? बुडवलीस?"

५ मार्च

लोक या गेममध्ये गाड्या चालवतात, मी रूट बांधते. आपल्या स्टेशनापासून मावशीच्या गावापर्यंतची खरी लाइन — तीच वळणं, तेच चढ, तेच बोगदे. उपग्रहाचे फोटो बघून बघून डोळ्यांचं भजं व्हायची वेळ आली.

आई बाथरूममध्ये घसरली तेव्हापासून घराबाहेर पडलेली नाही. डॉक्टर म्हणाले, "हाड जुळलंय, आता चाला." आई म्हणते, "त्यांचं काय जातंय सांगायला? पडणार मी!" चालते ती फक्त पलंगापासून माझ्या खुर्चीपर्यंत. गाडी बघायला.

७ मार्च

चढ जरा जास्तच झाला. इंजिनाने डोंगरात मान टाकली. दिवसभर कामावर, दाताच्या दवाखान्यात, पेशंटचं कण्हणं, घरी इंजिनाचं!

१० मार्च

"झाडं काय अशी एका रांगेत? कवायतीला उभी केलीस?"

सगळी उपटली. विस्कटून लावली. आता आईसाहेब खूश.

मावशीचा फोन. "ये ना गं, किती दिवस झाले!" आईचं ठरलेलं उत्तर — "पाय गं, ताई."

१४ मार्च

आज आईने की-बोर्डच ओढून घेतला. पहिलं स्टेशन भरधाव मागे टाकलं.

"आई! लोक उभे होते!"

"येतील धावत."

१९ मार्च

आई ब्रेक आता इतका हळुवार लावते की डब्यातला चहाही हिंदकळायचा नाही. पण पूल ओलांडला आणि पुढे काहीच नाही. नुसतं राखाडी शून्य.

"ताईचं गाव कुठे गेलं?"

"बांधायचंय अजून. फोटोत प्लॅटफॉर्मचं छप्पर नीट दिसत नाही."

"छपरावाचून गाव अडलंय होय?"

मी चिडले. अंदाजपंचे बांधायचं असतं तर एवढा खटाटोप कशाला केला असता?

२३ मार्च

सिग्नलांनी नाकी नऊ आणले. लाल असताना गाडी निघते, हिरवा झाला की थांबते!

आईचे आज भलतेच प्रश्न. "खऱ्या पुलावरही असंच खडखडतं?" तसंच, म्हटलं. "आणि डब्याची पायरी? किती उंच?" मला काय माहीत! शोधलं, मोजलं, दारापाशी बसवली. ती बराच वेळ त्या पायरीकडे बघत राहिली. मग म्हणाली, "जमेल."

मला वाटलं, माझ्या कामाचं कौतुक करतेय.

२६ मार्च

आई जिना उतरून परत वर आली! एकटी! घामाघूम. मी ओरडलेच. तर म्हणते, "ओरडू नकोस. सिग्नल मिळाला."

२९ मार्च

दवाखान्यात मावशीचा फोन. हसतेय की रडतेय, कळेना. "अगं, तुझी आई माझ्या दारात उभी आहे! गाडीने आली, एकटी! आणि परतीचं तिकीट काढलेलंच नाही म्हणते!"