हिरड्यांच्या रंगाची खोली

तीर्थस्वरूप मामांना,

गल्ल्यामागून, जमेल तेवढं वाकून केलेला नमस्कार. तुमचा गुडघा कसा आहे? मामी तुम्हाला जिना चढू देत नाहीत असं कळलं, ते योग्यच करतात. इकडे सगळं उत्तम. दुकान माझ्या हाती दिल्यापासून रंग मिसळायचं मशीन एकदाही बिघडलेलं नाही (एकदा बिघडलं, पण तेव्हा दुकान बंद होतं, म्हणजे ते धरू नये).

लिहायचं कारण आपले दातांचे डॉक्टर. दवाखान्यातल्या बसायच्या खोलीसाठी त्यांनी फिकट गुलाबी रंग नेला. रंगांच्या कार्डावर बोट ठेवून तो त्यांनीच निवडला, आणि दुकानात नव्यानं कामाला लागलेल्या मुलीनं अगदी तोच बनवून दिला. चारही भिंती रंगवून झाल्यावर त्यांच्या लक्षात आलं, की खोली हुबेहूब हिरड्यांसारखी दिसते. त्यात भिंतीला लागून पांढऱ्या खुर्च्यांची रांग. पेशंट येऊन बसतात, आणि आपण कुणाच्या तरी तोंडात बसलोय असं वाटून उठून जातात. (मी पाहून आलो. दोन मिनिटांवर मलाही बसवेना.)

तक्रार खरी, पण ती त्यांनी भर दुकानात त्या मुलीवर ओरडून केली. मी मागच्या खोलीत पुट्टीची पोती लावत होतो. बाहेर येईपर्यंत डॉक्टर तिच्या अकलेपासून निघून तिच्या आईवडिलांपर्यंत पोचले होते. तिनं हातातला ब्रश खाली ठेवला, आत गेली आणि पोत्यांकडे तोंड करून उभी राहिली. मी डॉक्टरांना सांगितलं, रंग बदलून देतो, पण हिच्याशी या आवाजात बोलायचं नाही, दुकानाचा तसा नियम आहे. ते तणतणत गेले.

मग मी तिची समजूत काढायला गेलो. यात माझा हात धरणारं कुणी नाही. गिऱ्हाइकांनी मला कसकसं झापलंय त्याचे किस्से तिला ऐकवले, एकाहून एक भारी. शेवटचा संपल्यावर ती म्हणाली, "म्हणजे हे असंच चालणार? मग मी उद्यापासून येत नाही."

मी किस्से बंद केले, डब्यावर बसलो आणि विचारलं, तुला डॉक्टरांना खरं काय सांगायचं होतं? ती म्हणाली, "हेच, की हळू बोला, मला ऐकू येतं." म्हटलं, मग तेच म्हण. मी डॉक्टर झालो आणि आम्ही तालीम सुरू केली. मी इतकं मन लावून ओरडलो, की शेजारचा सायकलवाला पाना घेऊन धावत आला आणि त्यानं माझीच कॉलर धरली. (मी तुमचा भाचा आहे, हे पटवायला वेळ लागला.) ती पहिल्यांदा हसली. नंतर मात्र ती ते वाक्य असं काही बोलली, की मी ओरडणं सोडून पुन्हा डब्यावर जाऊन बसलो.

दुसऱ्या दिवशी ती आली. डॉक्टरही आले, आणि दारातूनच चढा सूर. मी शिडीवर होतो. उतरणार तेवढ्यात ऐकू आलं, "डॉक्टर, हळू बोला, मला ऐकू येतं." तिची मान वर होती. मी शिडीवरच थांबलो. डॉक्टर खुर्ची ओढून बसले. तिनं फळीवर वेगवेगळ्या रंगांचे पट्टे ओढून दिले, म्हणाली, हे खोलीत ठेवून दिवसाही बघा आणि दिवा लावूनही बघा, मग सांगा. निघताना डॉक्टर म्हणाले, "काल जास्तच बोललो." हे ते समोरच्या ब्रशांच्या खोक्याला उद्देशून म्हणाले, पण मुलीनं ते आपल्यालाच म्हटलंय असं धरलं.

मामींना नमस्कार.

तुमचा भाचा

ता. क. : नियम सांगितला त्या दिवशी डॉक्टरांनी दारातून वळून विचारलं होतं, की हा कुणी केला. मी तुमचं नाव घेतलं. मुलीलाही तेच सांगितलंय, आणि तेव्हापासून ती तुम्हाला फार मानते.

आणखी एक : कवळी बसवायला परवा तुम्ही त्यांच्याकडेच जाणार आहात, तेव्हा हा नियम खरंच तुमचा का, असं ते विचारतीलच. त्यांचा हात तुमच्या तोंडात असेल, त्यामुळे बोलण्याचा त्रास घेऊ नये. नुसती मान हलवावी. फक्त उभी, आडवी नको.