पुढचे पंधरा दात

मु. बोदरा, मानपूरच्या पुढे
दि. ९ जुलै २०२४

ती. बाबांस,
सविनय जय भीम वि. वि.

इथे टॉवर नाही, म्हणून हे पत्र बसवाल्या चंदनच्या हातून पाठवते आहे. कागदावर तुम्हाला मध्येच बोलता येत नाही, हा एक फायदा.

तुम्ही दिलेल्या मोटारसायकलीची कीर्ती कळवते. मे महिन्यात मी निघाले तेव्हा तुम्ही म्हणालात की, एकोणीस वर्षांची असली तरी माझ्या हातची आहे, नव्या गाड्या हिच्यापुढे पाणी भरतील. कोसमटोल्याच्या चढावर ती पहिल्या गियरमध्येही गुदमरते आणि बंद पडते. मागे गावची मितानिन, म्हणजे इथली आशाताई, आणि तिच्या मांडीवर लसींचा डबा, एवढंच ओझं. आज दोनदा आम्ही दोघींनी ढकलली. पोचलो तेव्हा बाया रोपा लावायला शेतात निघून गेल्या होत्या आणि अकरा लेकरं लसीविना राहिली. मितानिन मला म्हणाली, दीदी, ए गाडी ला घर भेज दे. तिनं गाडीबरोबर मलाही धरलं असावं.

माझी नर्सची नोकरी कंत्राटी आहे, हे तुम्हाला माहीत आहे; तुम्हीच ते चारचौघांत सांगत असता. साहेबांनी लिहून दिलं आहे की लसीकरणाची लागोपाठ तीन सत्रं बुडाली तर कंत्राट पुढे वाढणार नाही. आजचं पहिलं.

चेन लोंबते आहे आणि मागच्या चाकावरच्या स्प्रॉकेटचे दात झिजून काट्यांसारखे झाले आहेत. बदलावं तर लागणारच, मग चढाला ओढेल असं काही पाठवा. कोहक्याच्या गोलू मिस्त्रीला विचारा. तुमच्या एकट्याच्या अकलेवर सोडू नका.

लोभ आहे तेवढा पुरे. वाढवला की सल्ले येतात.
प्रेरणा


रुआबांधा, भिलाई
दि. १४ जुलै २०२४

चि. प्रेरणा हीस,
अनेक आशीर्वाद व जय भीम.

तुझं पत्र मिळालं. अक्षर बिघडलं आहे, भाषा त्याहून.

चौतीस वर्षं मी प्लांटच्या मेंटेनन्समध्ये फिटर होतो आणि तू मला गोलूला विचारायला सांगतेस. गोलूचं सगळं शास्त्र एका हातोड्यात मावतं. तरी गेलो, कारण तुझ्या आईनं पाठ सोडली नाही. तो म्हणे, अंकल, पुढचा एक दात कम करो, नहीं तो पीछे तीन बढ़ाओ. हे मीच त्याला शिकवलं होतं, आता तो मलाच ऐकवतो.

गाडीत दोष नाही. नाचता येईना अंगण वाकडं. क्लच हळू सोडावा, एवढंही तुला येत नाही. याच गाडीवर तुला आणि आईला बसवून मी सगळे सेक्टर फिरलो, कधी अडली नाही. नवी चेन आणि मागचं स्प्रॉकेट पाठवतो आहे, होते तेवढ्याच दातांचं. पुढचं, इंजिनाकडचं, नवंच आहे. त्याचं झाकण उघडू नकोस, परत बसवता येणार नाही.

आणि अकरा लेकरांसाठी डोंगर चढायला तुला सांगितलं कुणी? इथे रिसालीच्या एका दवाखान्यात जागा आहे, मी बोलून ठेवलं आहे. डोक्यावर पंखा, बाहेर पक्की सडक. गाडी चढत नसेल तर घराकडे उतारच आहे. तुझी आई म्हणते, पोरीले कावून एवढं टोचून लिहिता. मी म्हटलं, तिले कळाले पाहिजे.

उलट टपाली शहाणपण यावं, ही अपेक्षा.
भय्याजी


मु. बोदरा
दि. २३ जुलै २०२४

ती. बाबांस,
जय भीम. वि. वि. आज नाही.

तुमचं सामान बसवलं आणि आज दुसरं सत्र बुडालं. तुम्ही सेक्टर फिरल्याच्या गोष्टी सांगता. भिलाईतला सगळ्यात मोठा चढ म्हणजे ओव्हरब्रिज.

पार्सल उघडलं तेव्हाच मला खटकलं होतं. चेन, पुढचं, मागचं, तिन्ही एकदम बदलायचं, एक जुनं ठेवलं तर ते बाकीच्या दोघांना खातं, हे तुम्ही सगळ्या रुआबांध्याला ऐकवलं आहे. अर्धा सेट घेऊन आलेल्यांना तुम्ही दारातून परत पाठवलंत. मग जुन्या चेनवर पुढचं नवं स्प्रॉकेट चढवलं कधी, आणि कावून? तुम्ही स्वतःचा नियम मोडलात म्हणजे काहीतरी लपवलंत. म्हणून झाकण उघडलं. पाना धरायला तुम्हीच शिकवलं आहे.

खडूनं खूण करून दात मोजले. पंधरा. तीनदा मोजले. गाडीच्या पुस्तकात चौदा लिहिले आहेत.

पुढे दात वाढला की चढावरची ओढ कमी होते, हे गोलूला शिकवणारा माणूस चुकून पंधरा बसवत नाही. मी हरून परत यावं म्हणून तुम्ही मला लंगडी गाडी दिलीत. फिटर म्हणून मला तुमची लाज वाटते. बाप म्हणून काय वाटतं ते लिहायला माझ्याकडे कागद नाही.

पुढचं सत्र सहा ऑगस्टला. तेही बुडालं की तुमच्या मनासारखं होईल.
प्रेरणा


रुआबांधा, भिलाई
दि. २८ जुलै २०२४

चि. प्रेरणा हीस,
जय भीम. आशीर्वाद द्यायला तोंड नाही, तरी देतो.

दात बरोबर मोजलेस. पंधराचं मीच बसवलं, तू आईबरोबर बाजारात गेली होतीस त्या दिवशी. गोलूकडे नेली नाही. त्यानं कारण विचारलं असतं. वाटलं, चार-दोनदा ढकलशील, कंटाळशील आणि परत येशील. तुझ्याशिवाय घर खायला उठतं, एवढं तोंडानं म्हणायला जमलं नाही, पाना चालवायला जमलं. प्लांटमध्ये कुणी जाणूनबुजून मशीन बिघडवलं असतं तर मी त्याच्या तोंडावर थुंकलो असतो. तुझी आई ताट वाढते आणि उठून आत जाते.

सोबत तेराचं पाठवतो आहे. चौदाचं घेऊन दुकानातून निघालो होतो, अर्ध्या रस्त्यातून परत फिरलो. चौदावर गाडी कशीबशी चढली असती आणि भिलाईपर्यंत नीट पळालीही असती. पण मागे मितानिन, डबा आणि एवढं जुनं इंजिन धरलं तर त्या चढाला तेराच पाहिजे. तेरावर पन्नासच्या पुढे ती किंचाळेल. सव्वाशे किलोमीटर यायला अर्धा दिवस जाईल आणि तुझं येणं कमी होईल. हे समजून उमजून पाठवतो आहे. चेन सैल पडेल, चाक मागे ओढ आणि दोन्ही बाजूंच्या खुणा सारख्या ठेव.

दवाखान्याला नाही म्हणून कळवलं.

लोभ मागण्याचा हक्क मी घालवला आहे.
भय्याजी


मु. बोदरा
दि. ६ ऑगस्ट २०२४

ती. बाबांस,
सविनय जय भीम वि. वि.

तेराचं बसवलं. आज कोसमटोला एका दमात चढलो. अकराच्या अकरा लेकरांना लस टोचली. दोघांनी मला चावायचा प्रयत्न केला, एकाला जमलं. मितानिन म्हणाली की तुझा बाप मिस्त्री चांगला आहे. मी तिला पूर्ण गोष्ट सांगितली नाही. त्याचे उपकार मानू नका, लाज माझीही गेली असती.

गाडी मोहला गावापर्यंत पळवून पाहिली. पन्नासला हँडल असं थरथरतं की हाताला मुंग्या येतात. तेव्हा हिच्यावर मी भिलाईला येणार नाही, हे तुम्ही बरोबर ओळखलंत. मी माफ केलं असं मात्र समजू नका. राग अजून आहे आणि तो कधी जाईल ते मला माहीत नाही.

पुढचं सत्र वीस ऑगस्टला, मंगळवारी. आदल्या दिवशी चंदनच्या बसनं या, आईला घेऊन या. मितानिनीला पुढे पायी पाठवते आणि तुम्हाला मागे बसवून नेते. हँडल मिळणार नाही. डबा मांडीवर सरळ धरायचा आणि क्लचबद्दल एक शब्द काढायचा नाही. चढावर अडली तर उतरून ढकलायचं तुम्ही.

एवढा लोभ असावा.
प्रेरणा