फरसबीची सहावी बरणी

प्रिय वेंडल,

काल रात्रभर माझा डोळ्याला डोळा लागला नाही. मेसीला दात येतायत, ती रडते, पण ते कारण नाही. कारण आहे फरसबीच्या बरण्या. रविवारी मी चर्चमध्ये सहा बरण्या दिल्या. पाच परत मिळाल्या. सहावी तुझ्याकडे आहे. ती खाऊ नकोस. उघडली असलीस तर बोटसुद्धा चाटू नकोस. बाकीचं पुढचं नंतर ऐकलंस तरी चालेल, पण हे आधी.

वास घेऊन बघशील आणि म्हणशील, चांगली तर आहे. तेच तर आहे ना रे. वास येत नाही, बुरशी दिसत नाही, पाणी काचेसारखं स्वच्छ. लोर्नाबाई सांगत होत्या, त्या आधी हॉस्पिटलात नर्स होत्या, आता चर्चमध्ये मुलांच्या जेवणाचं बघतात. शेंगा बरणीत भरून टिकवायच्या तर त्या बरण्या मोठ्या प्रेशर कुकरमध्येच शिजवाव्या लागतात म्हणे. नुसत्या उकळत्या पाण्यात बरण्या ठेवल्या तर आत काहीतरी जिवंत राहतं आणि विष करतं. नाव सांगितलं त्यांनी, माझ्या तोंडात बसत नाही. मी केलं आपल्या आजीसारखं. मोठ्या पातेल्यात तीन तास. आजी नेहमी तशीच करायची आणि आपण कुणी मेलो नाही. मी हे लोर्नाबाईंना म्हटलं तर त्या म्हणाल्या, "तुझ्या आजीचं नशीब चांगलं होतं, पोरी. आणि ती वाढायच्या आधी तासभर पुन्हा शिजवायची ना?" मला एकदम आठवलं. शिजवायची. चरबीचा तुकडा टाकून, चुलीवर, अगदी लगदा होईपर्यंत. फक्त तू थांबायचा नाहीस. शेडच्या मागे बसून बरणीत बोटं घालून थंडगारच खायचास, आणि मग आजी झाडू घेऊन मागे. दुसऱ्या कुणी नेली असती तर निदान गरम तरी केली असती. तू करणार नाहीस. कशावर करशील, पिकअपमध्ये?

शेंगा तुझ्याच आहेत हेही तुला कळलं असणार. चर्चच्या मागे मला वाफा दिला होता, तो एप्रिलमध्ये तूच खणलास. मी मेसीला घेऊन पायरीवर बसायचे आणि तू म्हणायचास, "राणीसाहेब, जरा दगड तरी उचला." तू गेलास आणि पंधरा दिवसांत शेंगांनी वेल वाकले. इतक्या आल्या की मला रडू यायचं. टाकवेनात, एकटीला खाववेनात.

का दिल्या ते सांगते. उन्हाळ्यात आमची उपासना नऊ वाजता बाहेर हिरवळीवर असते, घडीच्या खुर्च्या मांडून, तुला माहीत आहे. महिन्याच्या पहिल्या रविवारी दानाच्या वेळी सगळे काही ना काही खायचं घेऊन पुढे जातात. ट्यूना, पास्ता, शेंगदाण्याचं लोणी, मुलांचे सिरीयलचे खोके. वेदीपाशी ठेवतात, पाद्रीबाई त्यावर हात धरून प्रार्थना करतात, आणि मग ते बाहेरच्या कपाटात जातं, लागेल त्यानं न्यावं म्हणून. मी वर्षभर त्या कपाटातून नेलंय. डायपरसुद्धा. सगळे उठून पुढे जातात तेव्हा मी मेसीचा मोजा सरळ करत बसते. एकदा तरी माझे हात भरलेले असावेत एवढंच वाटत होतं, वेंडल. घरी केलेलं चालणार नाही, असा कागद कपाटावर लावलेला आहे. तो मी वाचला होता. खोटं कशाला बोलू, तीनदा वाचला होता.

विनिफ्रेडबाई वेदीचं सगळं बघतात. त्यांनी बरणी उन्हात धरून बघितली आणि हळूच विचारलं, "प्रेशरमध्ये केल्यास ना गं?" मी म्हटलं, हो. त्या म्हणाल्या, "किती सुरेख दिसतायत," आणि ठेवून घेतल्या. त्यांना नियम माहीत होता. पण सगळ्यांसमोर मला परत पाठवणं त्यांच्याच्यानं होईना. आमच्या चर्चमध्ये लोक असेच आहेत. समोरच्याचं मन दुखेल म्हणून गप्प बसतात. पाद्रीबाईंनी तर नाव घेऊन आभार मानले, जोलीननं स्वतःच्या हातानं पिकवलं म्हणाल्या. स्वतःच्या हातानं! मी मान खाली घालून बसले. मला इतकं बरं वाटत होतं ना, आता त्याचीच किळस येते.

काल मुलांच्या जेवणाला मी सँडविच कापत होते. शाळा बंद असली की दुपारचं जेवण चर्चमध्येच असतं, पंचवीस-तीस पोरं येतात. लोर्नाबाईंनी सहजच विचारलं, किती प्रेशरवर ठेवल्यास, किती मिनिटं? मी म्हटलं, प्रेशर नाही, पातेल्यात तीन तास. त्यांनी हातातली सुरी खाली ठेवली. मग आम्ही दोघी कपाटाकडे पळालो, ॲप्रनसकट. पाच होत्या. विनिफ्रेडबाई म्हणाल्या, "एक सोमवारी सकाळी गेली. मी फुलं बदलायला आले होते ना, तेव्हा बघितलं. तो दाढीवाला नाही का, पिकनिकला दोन ताटं घेणारा." आणि मला विचारलं, "तू ओळखतेस का गं त्याला?"

मी पुन्हा नाही म्हणाले.

आता ते पिकनिकचं लिहायलाच पाहिजे. तू कधी बोलला नाहीस, मीही नाही. त्या रविवारी मला पहिल्यांदा प्रभुभोजनाची भाकरी घेऊन वेदीपर्यंत जायला सांगितलं होतं, मेसी कडेवर. मी ते पांढरे बूट घातले होते. उपासना झाल्यावर बर्गर, मका, लिंबूपाणी. मीच तुला म्हटलं होतं, ये, भरपूर असतं. तू आलास, कामाच्या बुटांवर चिखल, आणि दुसरं ताट घेतलंस. घेणारच, आदल्या दिवशी तू तुझं जेवण मला दिलं होतंस. विनिफ्रेडबाई म्हणाल्या, "कोण गं हा? तुझ्याबरोबर आलाय का?" वाईट नाही, सहजच विचारलं. आणि मी म्हटलं, "नाही हो, मी नाही ओळखत." तू चार हातांवर होतास. तोंडात घास होता. तू तो घास गिळलास, ताट टेबलावर नीट ठेवलंस, कागदी रुमालाची घडी केलीस आणि पिकअपकडे गेलास. मी मागे आले नाही. मी लिंबूपाणी प्यायले.

दुसऱ्या दिवशी सोफ्यावर तुझं ब्लँकेट घडी करून ठेवलेलं. मेसी अजून सोफ्याकडे रांगत जाते आणि बघते. तिला रात्री फिरवणारा तू, मला नाही जमत तसं तिला झोपवायला.

काल निदान दुसऱ्यांदा तरी मी खरं बोलायला हवं होतं. पण लोर्नाबाई, पाद्रीबाई, विनिफ्रेडबाई, तिघी समोर उभ्या, आणि मला वाटलं आता बरण्यांचं खोटं उघडं पडलंय, त्यात हेही सांगितलं तर या बाया मला कधी दारात उभं करणार नाहीत. एवढाच विचार केला मी, वेंडल. तुझा नाही केला. त्या तुला शोधायला गावभर विचारत फिरल्या, नाव नसताना. एक दाढीवाला, एक जुनी पिकअप. आणि नाव माझ्या तोंडात होतं.

लोर्नाबाईंनी कपाटावर लाल अक्षरांत कागद लावला: फरसबीची बरणी नेली असेल तर खाऊ नका, लगेच फोन करा. त्यांना वाटलं, झालं काम. तुला तो वाचता येणार नाही, हे या गावात फक्त मला माहीत आहे. मी काल संध्याकाळी तुला किती वेळा फोन केला. माझा नंबर दिसला की उचलत नाहीस. शेजारच्या डेबीच्या फोनवरून केला, तू उचललास, मी "वेंडल" म्हणेपर्यंत कट. डेबीला म्हटलं तू बोल, तर म्हणाली, "तुमच्या भावाबहिणीच्या भांडणात मला नको ओढूस," आणि फोन घेऊन रात्रपाळीला गेली. त्यानंतर तुझा फोन नुसता वाजतोय. बंद नाही, वाजतोय. तू चिडून उचलत नाहीस एवढंच असू दे. मला शिव्या दे, जन्मभर बोलू नकोस, पण चिडूनच असू दे.

मी आता मेसीला ढकलगाडीत घालून नदीकडे निघालेय, होड्या उतरवतात तिथे तू आधी झोपायचास. गाडी नाही, चालत तास लागेल. तिथून दगडांच्या खाणीकडे जाईन, तिथेही तू कधी कधी गाडी लावायचास.

आणि आता तुम्ही, जे या कपाटापाशी उभे राहून हे वाचताय. तुम्हाला वाचता आलं, म्हणजे तुम्ही वेंडल नाही. त्याला आकडे कळतात, पण अक्षरांत फक्त स्वतःचं नाव ओळखता येतं, म्हणून ते वर एवढं मोठं लिहिलंय. तो स्वतः आलाच तर त्याला धरून ठेवा आणि वाचून दाखवा. विनिफ्रेडबाई, तुम्ही असाल तर ऐका, दोन ताटं घेणारा तो दाढीवाला माझा सख्खा भाऊ आहे, वेंडल पेल्की, आणि माझ्या घरात खाणं असायचं ते बहुतेक त्याच्या कमाईचं. प्रेशरमध्ये केल्या हे मी तुम्हाला खोटं सांगितलं, त्याला ओळखत नाही हेही खोटं. पाद्रीबाईंना सांगा, शेरीफलाही कळवा. त्याच्या गाडीच्या कागदांची मुदत संपलीय, पोलीस त्याला धरतील म्हणून मी काल कळवलं नाही, तीही माझीच चूक. पण सगळ्यात आधी त्याला फोन करा. नंबर कागदाच्या मागे मोठ्या आकड्यांत आहे. उचलेपर्यंत करत राहा. माझं नाव आधी घेऊ नका, तो ठेवून देईल. आधी बरणीचं सांगा. एकाचे दोन दिसतायत का विचारा, घास गिळता येतोय का विचारा. जीभ जड वाटली, बोलणं अडखळलं, तर प्यायलाय असं समजून ठेवू नका. दीड वर्ष झालं, त्यानं थेंब घेतलेला नाही. कुठे आहेस ते विचारा आणि तिथे ॲम्ब्युलन्स पाठवा. अनोळखी माणसाचं तो नीट ऐकून घेतो. माझ्या भावाला फोन करा. आत्ता, इथूनच करा.

तुझीच बहीण,
जोलीन पेल्की